कापड एक, माप वेगळे



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या घरांत दोन तयाऱ्या चालू होतात. एक मनाची आणि दुसरी कपड्यांची. बहुधा दुसरीच आधी पूर्ण होते! या खरेदीत दरवर्षी पालकांपुढे एक लहानसा प्रश्न उभा राहतो. दोन मुली असतील तर दोघींना एकसारखे फ्रॉक घ्यायचे का? तीन मुलगे असतील तर तिघांना एकाच कापडाचे शर्ट शिवायचे का? आई म्हणते, "सारखेच घेऊ, म्हणजे भांडण नको." आजी म्हणते, "किती गोड दिसतील!" बाबा म्हणतात, "स्वस्त पडेल ते घ्या." मुलांना मात्र सहसा कोणी विचारत नाही.

प्रश्न कपड्यांचा, म्हणून तो क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक जुना आणि मोठा प्रश्न दडलेला आहे. सर्वांवर समान प्रेम करायचे म्हणजे सर्वांना सारखेच वागवायचे का? तत्त्ववेत्त्यांनी या प्रश्नावर ग्रंथ लिहिले. आपल्या आयांना मात्र तो दर सणाला दुकानदारासमोर दोन मिनिटांत सोडवावा लागतो. म्हणून आज त्यावर जरा सावकाश विचार करू या.

एका ताग्याचे दिवस

आपल्यापैकी जे पन्नाशी-साठी ओलांडून पुढे आले आहेत त्यांना कापडाचा तागा आठवत असेल. वडील एकाच ताग्यातले कापड फाडून आणीत. त्यातून मुलांचे शर्ट निघत, मुलींचे फ्रॉक निघत आणि उरलेल्या तुकड्यातून उशीचा अभ्रा किंवा बाजाराची पिशवी. दिवाळीला शेजारच्या हिंदू घरात हेच चाले आणि नाताळला आपल्या घरात. भावंडे रांगेने रस्त्यावर आली की कोणीतरी हमखास विचारी, "काय, बँडपार्टी कुठे निघाली?"

सगळ्यात धाकट्याचे हाल तर विचारूच नका. निळ्या चौकड्यांचा तो शर्ट त्याने आधी स्वतःचा म्हणून घातला. मग मधल्याला लहान झाला म्हणून मधल्याचा घातला. मग थोरल्याचा. लोकांना वाटे, या पोराचा शर्ट पोराबरोबर वाढतो आहे!

ही प्रथा हौसेतून आली नव्हती, गरजेतून आली होती. सलग कापड घेतले की शिंप्याला ते नीट बेतता येते. मोठ्याच्या शर्टातून उरलेल्या तुकड्यात धाकट्याची कॉलर निघते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणले, तेव्हा तर रंग आणि नक्षी निवडण्याची चैन कोणाला परवडणार होती? त्या टंचाईतल्या सारखेपणात एक न्याय होता. जे काही होते ते सर्वांत वाटले गेले. एकाला नवे आणि दुसऱ्याला जुने असा प्रकार नव्हता. आपल्या आईवडिलांनी ज्या ओढाताणीत हे केले ती ओळखून आपण त्याकडे आदरानेच पाहिले पाहिजे.

आज परिस्थिती बदलली आहे. तयार कपड्यांच्या दुकानात प्रत्येक मुलासाठी वेगळे कपडे सहज मिळतात. तरीही भाऊ-बहिणीचे एकसारखे जोड, आई आणि मुलीचे एकाच छापाचे ड्रेस, एवढेच काय, सगळ्या कुटुंबाचे एका रंगातले कपडे मुद्दाम शोधून घेतले जातात. काल जी गरज होती ती आज निवड झाली आहे. आणि जिथे निवड आली तिथे 'का?' हा प्रश्नही आला.

पायघोळ झगा

भावंडे आणि कपडे यांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. याकोबाने आपल्या लाडक्या योसेफाला पायघोळ झगा करून दिला. बाकीच्या भावांना तसा झगा मिळाला नाही. त्यांच्या मनात द्वेष पेटला, त्यांनी योसेफाला विकून टाकले आणि बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला तोच झगा बापापुढे आणून टाकला. एका कपड्याने घर मोडले.

ही गोष्ट ऐकून आपण लगेच म्हणू, "बघा, याकोबाने सगळ्यांना सारखे झगे शिवले असते तर हे घडलेच नसते!" सारखे कपडे घेणाऱ्या प्रत्येक आईच्या मनात हीच भीती असते. आपल्याकडून डावे-उजवे होऊ नये. ही भीती चांगली आहे. ज्या आईबापांना ती वाटतच नाही त्यांच्याविषयी मला अधिक काळजी वाटते.

परंतु गोष्ट तिथे संपत नाही. पुढे मिसर देशात योसेफ अधिकारी होतो आणि भाऊ त्याच्यापुढे येतात. भोजनाच्या वेळी तो धाकट्या बन्यामिनाच्या ताटात इतरांच्या पाचपट वाढतो. परतीच्या वेळी प्रत्येक भावाला तो नवे कपडे देतो, पण बन्यामिनाला कपड्यांचे पाच जोड आणि वर तीनशे चांदीची नाणी देतो. म्हणजे पुन्हा तोच भेदभाव, पुन्हा कपड्यांचाच! तरीही या वेळी भाऊ पेटून उठत नाहीत. दरम्यानच्या काळात ते बदललेले असतात. बन्यामिनाला गुलाम म्हणून ठेवून घेण्याची वेळ आली तेव्हा यहूदा पुढे होऊन म्हणाला होता की, त्याच्या जागी मला ठेवा.

याकोबाच्या घरचे दुखणे झग्यापेक्षा खोल होते. बापाचे प्रेम एकाच मुलाभोवती घोटाळत होते आणि झगा ही त्याची जाहिरात होती. त्याने बाराही जणांना एकसारखे झगे दिले असते, तरी ताटावर, बोलण्यात, नजरेत फरक राहिलाच असता. मुलांना तो लगेच कळतो. सारख्या फ्रॉकमधल्या दोन बहिणींना माशाचा मधला तुकडा कोणाच्या ताटात पडतो हे बरोबर दिसते. सारखे कपडे मत्सर झाकू शकतात. तो बरा करण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नाही.

सारखे आणि समान

आपण बोलताना 'सारखे' आणि 'समान' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. थोडे थांबून पाहिले तर दोहोंत मोठे अंतर आहे. सारखेपणा हा वस्तूंचा असतो. दोन शर्ट सारखे असतात, दोन विटा सारख्या असतात. समानता ही माणसांच्या मोलाची असते. हाताची पाची बोटे सारखी नसतात, पण कोणतेही बोट कापले तरी दुःख तेवढेच होते.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने नीतिशास्त्र समजावताना मायलो नावाच्या एका पहिलवानाचे उदाहरण घेतले आहे. समजा, एका माणसाला दहा भाग अन्न जास्त होते आणि दोन भाग कमी पडते. मग मधले सहा भाग सर्वांना योग्य ठरतील का? नाही. सहा भाग मायलोसारख्या पहिलवानाला कमी पडतील आणि आखाड्यात आजच उतरलेल्या पोराला जास्त होतील. योग्य माप ठरवायचे तर ज्याला द्यायचे त्या माणसाकडे पाहावे लागते. पाच वर्षांच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलाला आपण सारख्या भाकरी वाढत नाही, सारख्या वेळी झोपवत नाही, सारखे औषधही देत नाही. त्याला कोणी अन्याय म्हणत नाही. उलट औषध सारखे दिले तर डॉक्टर रागावतील.

मग कपड्यांचे काय? कपडा अंग झाकतो, हे खरे. पण तो माणसाविषयी काही बोलतोही. एकसारखे कपडे घातलेली भावंडे जगाला एक वाक्य सांगत असतात, "आम्ही एका घरचे." हे वाक्य सुंदर आहे. कधी कधी ते मोठ्याने सांगण्याची गरजही असते.

जेथे सारखे कपडे मोठे काम करतात

ज्या घरात एक मूल मतिमंद किंवा अपंग आहे, त्या घराचा विचार करा. पाहुण्यांची नजर त्या मुलावरून पटकन सरकते. "याला काय कळतंय" म्हणून त्याला कोणाचे तरी जुने कपडे चढवले जातात. अशा घरातला बाप सणाला दोन्ही मुलांना एकाच कापडाचा शर्ट शिवतो आणि दोघांचे हात धरून चर्चमध्ये येतो, तेव्हा तो काही न बोलता सर्वांना सांगतो की हे दोघेही माझे मुलगे आहेत. तो शर्ट एक साक्ष असते.

किंवा ज्या घरात दिवंगत भावाचे मूल वाढते आहे, जिथे दत्तक मूल आले आहे, जिथे दुसऱ्या लग्नानंतर दोघांची मुले एकत्र नांदत आहेत. तिथे त्या मुलाच्या मनात एक प्रश्न सतत असतो, "मी यांच्यातलाच का?" काकूने आपल्या मुलींबरोबर पुतणीलाही त्याच कापडाचा फ्रॉक शिवला तर त्या प्रश्नाचे उत्तर शब्दांवाचून मिळते. अशा वेळी वेगळा, महागाचा फ्रॉकही हे काम करू शकणार नाही.

आणि साधी हौस असेल, मुलांनाही मजा येत असेल, दोघे भाऊ स्वतःच "आम्हाला सारखेच हवेत" म्हणून हट्ट धरत असतील, तर त्यात गैर काय? सणाला थोडा पोरकटपणा शोभतो. तेव्हा सारखे कपडे घेऊच नयेत असा नियम काढण्यासाठी मी हे लिहीत नाही.

जेथे ते दुखवतात

पण दुसरी बाजूही पाहू. दोन बहिणी आहेत, एक उजळ आणि एक सावळी. दोघींना एकच गुलाबी ड्रेस घातला. मिस्सा संपल्यावर आवारात कोणीतरी मावशी म्हणते, "हिला रंग काय खुलतो! तिला नाही तेवढा शोभत." ड्रेस वेगळे असते तर ही तुलना इतकी सोपी झाली नसती. एकसारख्या कपड्यांनी दोन मुली तराजूच्या दोन पारड्यांत बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वजन करण्याची सोय झाली. एक बारीक, एक जाड. एक उंच, एक ठेंगणी. आईने भांडण टाळण्यासाठी जे केले त्यानेच एका मुलीच्या मनात कायमचा सल राहू शकतो. आपल्या समाजात रंगावरून मुलींना काय ऐकावे लागते हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे.

जुळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांना आधीच लोक नावाने ओळखत नाहीत. "जुळी आली, जुळी गेली," असेच म्हणतात. त्यात कपडेही सारखे असले की शिक्षक, शेजारी, कधी कधी आजोबाही गोंधळतात आणि हसतात. रोज दहा वेळा "तू कोण, हा की तो?" असे ऐकणाऱ्या मुलाला मात्र प्रत्येक वेळी हसू येतेच असे नाही.

ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांतही एक जुळा होता. संत थॉमसला योहानाच्या शुभवर्तमानात 'दिदुम' म्हटले आहे आणि दिदुम म्हणजे जुळा. त्याचे दुसरे भावंड कोण, याविषयी शुभवर्तमानात एक शब्दही नाही. आपल्याला थॉमस आठवतो तो त्याच्या स्वतःच्या प्रश्नामुळे आणि स्वतःच्या श्रद्धेमुळे. संत ऑगस्टिनला तरुणपणी ज्योतिषाचे वेड होते. त्या वेडाविरुद्ध पुढे त्याने जो युक्तिवाद केला त्यात एसाव आणि याकोब या जुळ्यांचे उदाहरण आहे. एकाच आईच्या पोटी, जवळपास एकाच क्षणी जन्मलेल्या दोघांची आयुष्ये किती वेगळी निघाली! मग ताऱ्यांनी माणसाचे भविष्य कसे ठरेल? तारे जिथे दोन भावांना एकसारखे करू शकत नाहीत, तिथे आपला शिंपी काय करणार?

फोटो कोणासाठी?

आज या प्रश्नाला एक नवी बाजू आली आहे, ती मोबाईलची. अनेकदा एकसारखे कपडे घेतले जातात ते फोटोसाठी. फोटो काढणे वाईट नाही. पण बारा वर्षांचा मुलगा म्हणतो, "मला हे नको, वर्गातले मित्र हसतात," आणि आपण म्हणतो, "गप्प बस, फक्त एका फोटोपुरते घाल," तेव्हा आपण नेमके काय करतो? जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने अठराव्या शतकात एक कसोटी सांगितली. कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, कारण प्रत्येक माणूस हा स्वतःच एक साध्य आहे. मूल लहान असले तरी ते माणूसच आहे. आपल्या कुटुंबाचे चित्र शोभून दिसावे म्हणून त्याचा उपयोग केला की ते चित्रातला एक रंग होऊन बसते.

दोन वर्षांच्या बाळाला काय घालायचे ते आईच ठरवणार. पण एक दिवस ते मूल म्हणते, "मला माझ्या आवडीचा पाहिजे." तो दिवस पालकांना जड जातो. बाराव्या वर्षी येशू आईवडिलांना न सांगता मंदिरात मागे राहिला, तेव्हा मरियेला आणि योसेफालाही त्याचे बोलणे समजले नाही असे लूक लिहितो. आपले मूल आपल्या समजुतीपेक्षा मोठे होत आहे, हे त्यांनाही स्वीकारावे लागले. कपड्यांवरचा पहिला नकार ही त्या वाढीची अगदी साधी खूण असते. तिला हट्ट म्हणून दडपण्याआधी ऐकून तरी घ्यावे.

माप घेणे

मग आईने दुकानात काय करावे? मला वाटते, याचे उत्तर आपल्या जुन्या शिंप्याने कधीच देऊन ठेवले आहे. तागा एकच असला तरी तो प्रत्येक मुलाला समोर उभे करी. छाती, खांदा, बाही, उंची टेपने मोजी आणि वहीत प्रत्येकाचे माप वेगळे लिही. कापड एक, पण माप वेगळे. एकाच्या मापाने त्याने तिघांचे शर्ट कधीच शिवले नाहीत.

पवित्र शास्त्रात हन्नाची गोष्ट आहे. तिचा शमुवेल मंदिरात वाढत होता. ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेई. वर्षातून एकदा दिसणाऱ्या मुलाचे माप तिला कसे कळत असेल? तो किती वाढला असेल, खांदे किती रुंदावले असतील, याचा ती वर्षभर मनात विचार करत असली पाहिजे. प्रेमाचे काम असे असते. ते दुरूनही माप घेत राहते.

लिझ्यूची संत तेरेजा पाच बहिणींत सर्वांत धाकटी. तिचे आईवडील लुई आणि झेली यांना २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी एकत्र संतपद दिले. आई झेलीचा अलांसों गावी लेस विणून घेण्याचा व्यवसाय होता, म्हणजे त्या घराला कापडाची चांगली जाण होती. लहान तेरेजाला एकदा प्रश्न पडला की देव स्वर्गात सर्वांना सारखे वैभव का देत नाही? ज्यांना कमी मिळते ते दुःखी होत नसतील का? तिच्या मोठ्या बहिणीने, पोलीनने, वडिलांचा मोठा पेला आणि तेरेजाचे शिवणकामाचे अंगुस्तान शेजारी ठेवले, दोन्ही पाण्याने काठोकाठ भरले आणि विचारले, "यातले जास्त भरलेले कोणते?" तेरेजाला आयुष्यभर पुरेल असे उत्तर मिळाले. पुढे यांपैकी चार बहिणी एकाच कार्मेल मठात, एकसारखा झगा घालून राहिल्या. बाहेरून पाहणाऱ्याला चौघी सारख्या दिसल्या असतील. पण प्रत्येकीचे पात्र वेगळे होते आणि लहानपणीच कोणीतरी ते ओळखून भरले होते.

आधी नाव

आपल्या नाशिकच्या शरणपूरचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवलेल्या या वसाहतीत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आश्रय आणि शिक्षण मिळाले. पुढे त्यांपैकी अनेक जण आफ्रिकेत परत गेले, तेव्हा इंग्रज त्यांना सरसकट 'नासिक बॉईज' म्हणत. प्रत्येकाचे गाव वेगळे, आईबाप वेगळे, दुःख वेगळे, पण शिक्का एकच. जेकब वेनराइट हा त्यांच्यातलाच एक. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे आफ्रिकेत निधन झाले, तेव्हा त्याने तेथील झाडावर त्याची नोंद कोरली. त्यांच्या मृतदेहासोबत तो इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटीसोबत मानाने चालला. शिक्क्याखाली एक माणूस होता आणि त्याला नाव होते.

चर्चसुद्धा आपल्या मुलांना एकसारखे कपडे घालते. स्नानसंस्कारात प्रत्येक बाळाला शुभ्र वस्त्र मिळते, मग ते गंगापूर रोडच्या बंगल्यातले असो की वस्तीतल्या एका खोलीतले. देवाच्या घरी डावे-उजवे नाही, हेच ते वस्त्र सांगते. पण त्या विधीचा क्रम आठवा. धर्मगुरू दारातच आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतो, "या बाळाचे नाव काय ठेवले आहे?" शुभ्र वस्त्र त्यानंतर बऱ्याच वेळाने येते. आधी नाव, मग वस्त्र.

पालकहो, हाच क्रम घरी पाळावा, एवढेच माझे सांगणे आहे. या नाताळला सारखे कपडे घ्यायचे असतील तर आनंदाने घ्या. पण त्याआधी प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने जवळ बोलवा आणि विचारा, "तुला काय आवडेल?" तो "ताईसारखाच" म्हणाला तर उत्तम. "ताईसारखा नको" म्हणाला तर त्यात ताईचा द्वेष शोधू नका. बजेट नसेल तर तेही मोकळेपणी सांगा, मुलांना ते समजते. आणि नाताळच्या मिस्साला आवारात भेटणाऱ्या आपण सर्व काका-मावशींनीही एक पथ्य पाळू या. दोन भावंडे सारख्या कपड्यांत दिसली तर कोणाला अधिक शोभते हे न बोलता, दोघांनाही त्यांच्या नावाने हाक मारू या. नावे माहीत नसतील तर आधी विचारून घेऊ या.

प्रभू आपल्या सर्व कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू